निसटल्यावर कळतं का?

चालताना पायातली चप्पल निसटते का, हा आपल्याकडच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांचा जुना प्रश्न आहे. त्याला जोडूनच दुसरा येतो: निसटल्यावर कळतं का? चप्पल निसटली आणि लगेच कळलं, तर पायाच्या स्नायूंची पकड कमी झाली असावी. चप्पल दोन पावलं मागे राहिली, माणूस तसाच पुढे गेला आणि शेजारच्याने सांगितल्यावर त्याने खाली पाहिलं, तर तळव्याची जाणीव गेलेली असते. दिवसातून दहा वेळा चप्पल काढायची आणि घालायची, अशा मुलखातच हा प्रश्न सुचू शकतो. एकही यंत्र न लावता तो नसांची खबर काढतो. कर्करोगातून उठलेल्या माणसाला मात्र फेरतपासणीत वेगळं विचारलं जातं: गाठ परत आली का, रक्ताचे आकडे काय म्हणतात, वजन वाढलं का. हे विचारायलाच हवं. पण गाठ नाही, आकडे चांगले, वजनही वाढलंय आणि तरी जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटत नाही, असा माणूस त्या खोलीतून ‘सगळं उत्तम’ असा शेरा घेऊन बाहेर पडतो. माझं म्हणणं त्या शेऱ्याबद्दल आहे. रोग जाणं वेगळं आणि माणूस पूर्ववत होणं वेगळं. दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवायला हवी. ती कशी ठेवायची हे शिकायला फार लांब जावं लागणार नाही. दुसऱ्या एका रोगाच्या बाबतीत महाराष्ट्राने ते पूर्वीच शिकून ठेवलं आहे.

कर्करोगाच्या औषधांनी नसांना होणाऱ्या या इजेला मराठीत धड नाव नाही, ही पहिली अडचण. ‘नस’ म्हटलं की आपल्याला रक्ताची शीरही आठवते, म्हणून घरचे म्हणतात, रक्त नीट फिरत नसेल, जरा चोळून दे. ‘मुंग्या येतात’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला स्वतःचा मांडी घालून अवघडलेला पाय आठवतो. तो पाय झटकला की मुंग्या जातात. इथे झटकून जाण्यासारखं काही नसतं. ज्यांना हे झालंय ते अधिक नेमकं बोलतात. कापसावर चालल्यासारखं वाटतं. पायात जाड मोजे आहेत असं वाटतं आणि बघावं तर पाय उघडा असतो. बोटांच्या टोकांना रबर गुंडाळल्यासारखं वाटतं. रात्री अंथरुणावर तळव्यांची आग होते आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. एकच पाय बधिरही असतो आणि दुखराही, हे ऐकणाऱ्याला पटत नाही. पण जी तार खरी खबर पोचवू शकत नाही तीच तार बिघडल्यामुळे खोट्या खबरा पाठवू शकते, हे ध्यानात घेतलं तर त्यात विसंगती उरत नाही.

हे नुकसान मोठ्या कामांत दिसत नाही, बारीक कामांत दिसतं. शर्टाची खालची बटणं लागतात, कारण ती डोळ्यांना दिसतात. गळ्याजवळचं बटण, पाठीमागचा हूक, मंगळसूत्राचा फासा ही कामं बोटांनी पाहून करायची असतात आणि बोटांनी पाहणं थांबवलेलं असतं. रांगोळीची चिमूट एकसारखी सुटत नाही. खिशात हात घालून दोनचं नाणं कोणतं आणि पाचचं कोणतं हे सांगता येत नाही. सगळी नाणी तळहातावर काढून मोजावी लागतात. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटण्याची सवय हाताला असते, चटक्याची सूचना मात्र येत नाही, आणि संध्याकाळी भांडी घासताना बोटावर फोड दिसतो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे तोंड धुण्याचं बेसिन. वाकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारलं की तोल जातो. उभं राहण्यासाठी शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेत असतं: कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळे आणि पाय. पायांनी सांगणं बंद केल्यावर डोळे जास्तीचं काम निमूटपणे करत होते; ते मिटताच उणीव उघडी पडते. रात्री दिवे गेल्यावर किंवा अंधाऱ्या देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालताना होतं तेही हेच.

असं का होतं, याचं उत्तर औषधाच्या गुणातच आहे. आपल्या परसात बारमाही फुलणारी सदाफुली घ्या. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून तिची पानं चघळणारे आजही भेटतात. जगात इतरत्रही तिची हीच ख्याती होती. ती ऐकून कॅनडातल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात तिचा अर्क तपासला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या धाग्यावरून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं निघाली. त्यातलं व्हिंक्रिस्टीन १९६३ पासून अमेरिकेत वापरात आहे. दुसरं उदाहरण तर आपल्या नंदुरबारशी जोडलेलं आहे. १९२५ साली तिथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल वेगळं केलं आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे सुझन हॉर्विट्झ यांनी ते काम कसं करतं हे दाखवलं. पेशीच्या आत अतिसूक्ष्म नलिका असतात. पेशी दुभंगताना त्या बनतात, मोडतात, पुन्हा बनतात. व्हिंक्रिस्टीन त्या बनू देत नाही, पॅक्लिटॅक्सेल त्या मोडू देत नाही. दोन्हींमुळे पेशीचं दुभंगणं अडतं आणि वेगाने वाढणारी गाठ मरते. मज्जापेशी काही दुभंगत नसते. पण तिच्यात याच नलिका रुळांचं काम करतात, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, सुमारे एक मीटर अंतर, त्या रुळांवरूनच रसद जाते. रूळ बिघडले की सगळ्यात लांबच्या स्थानकाला पहिली झळ लागते. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरता मोजे-हातमोजे घालावेत तशी वर चढते. सिसप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं आणखी आत घाव घालतात. कण्याशेजारी जाणिवेच्या मज्जापेशींचे गुच्छ असतात, त्यांना मेंदूसारखी रक्तापासून बचाव करणारी भिंत नसते, आणि प्लॅटिनम तिथे साठून राहतं. त्यामुळे शेवटची सलाइन उतरल्यानंतरही काही महिने बधिरता वाढतच जाते. उपचार संपले, आता उतार पडेल, या आशेवर असलेल्या माणसाला हे आधी सांगितलेलं नसेल तर तो घाबरून जातो. रोग परत आला असंच त्याला वाटतं.

तर ही कुणाची चूक नाही. जी कात्री गाठ कापते तीच नस कापते. प्रमाण किती, हे मात्र सांगायलाच हवं. ३१ अभ्यासांतले ४,१७९ रुग्ण एकत्र धरून २०१४ साली हिशेब मांडला गेला. केमोथेरपी संपल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के रुग्णांना हा त्रास होता, तीन महिन्यांनी ६० टक्के आणि सहा महिने किंवा त्यानंतर ३० टक्के. म्हणजे पुष्कळांचा कमी होतो हे खरं, आणि मोठ्या संख्येने लोकांचा होत नाही हेही तितकंच खरं. अमेरिकेत कर्करोगातून वाचलेल्या ५१२ स्त्रियांचा अभ्यास झाला. उपचारांना सरासरी सहा वर्षं उलटली होती, तरी ४७ टक्के जणींना लक्षणं होती, आणि त्यांचं पडण्याचं प्रमाण इतर जणींच्या १.८ पट होतं. हे पडणंच मला सर्वांत गंभीर वाटतं. साठीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर कर्करोगाने जे नेलं नव्हतं ते ओल्या न्हाणीघराची फरशी नेते, आणि मग त्या पडण्याचा संबंध केमोथेरपीशी कुणीही जोडत नाही. वय झालं, पाय घसरला, एवढंच म्हटलं जातं.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो, आणि तो प्रेमापोटी येतो: जीव वाचला ना, मग बोटांचं काय घेऊन बसायचं? मी हा आक्षेप हलका मानत नाही. सदाफुली आणि यू यांच्या औषधांआधी या रोगांपुढे माणसं किती हतबल होती, हे आठवलं तर कृतज्ञता आपोआप येते. पण कृतज्ञतेने तक्रार खोडली जात नाही. दुष्काळात गुरं वाचवायला घर विकलं, तर गुरं वाचल्याचा आनंद खरा आणि घर गेलं हेही खरं. डोक्यावर पुन्हा छप्पर येईल की नाही, हा प्रश्न विचारणारा कुणी कृतघ्न होत नाही. ‘जीव वाचला ना’ या वाक्याचा खरा तोटा असा की ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी बोलत नाही. तो कठडा धरतो, चपलेऐवजी बूट घालतो, लग्नाच्या पंगतीत वाढायला उभं राहायचं टाळतो, शिवणयंत्रावर कापड टाकून ठेवतो. आणि तो बोलत नाही म्हणून त्याला काही होत नाही, असा समज पक्का होत जातो.

आता तो दुसरा रोग. कुष्ठरोगाचा जंतू नसांत शिरतो. शतकानुशतकं लोकांना वाटत आलं की या रोगात बोटं सडून झडतात. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत, ती झिजतात, भाजतात, ठेचली जातात, कारण इजा झाल्याचं माणसाला कळतच नाही. ‘वेदना नसणं’ हाच मोठा घाव, हे त्यातून सिद्ध झालं. त्या समजुतीवर पुढे काळजी घेण्याची सगळी पद्धत बेतली गेली. महाराष्ट्रात वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी उभं केलेलं दत्तपूर, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, शिवाय गावोगावचे कुष्ठरोग तंत्रज्ञ. या सगळ्या परंपरेने बधिर हातपाय घेऊन कसं जगायचं याचं एक शास्त्र इथल्या मातीत रुजवलं. ते साधं आहे. रोज पाय पाण्यात भिजवा, खरखरीत कातडी हलकेच घासा, तेल लावा. तळवे रोज डोळ्यांनी तपासा, वाकवत नसेल तर आरशात पाहा. चहाचा पेला पकडताना, तवा उतरवताना कापड वापरा. पायात मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची (एमसीआर) चप्पल घाला, तळ टणक, खिळा एकही नको, मागे पट्टा हवा. आणि महत्त्वाचं म्हणजे औषधाने जंतू मेले तरी हे सगळं चालूच ठेवा. रोग गेला, जाणीव गेलेलीच राहिली, हे या शास्त्राचं पहिलं गृहीत आहे. कायद्यानेही ते मान्य केलं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ‘कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती’ हा वेगळा प्रकार आहे, आणि बाहेरून व्यंग दिसत नसलं तरी हातापायांची आणि डोळ्यांची जाणीव गेलेली व्यक्ती त्यात येते. ‘बरी झालेली’ आणि तरी ‘दिव्यांग’ हे दोन शब्द एकाच वाक्यात ठेवण्याचं धैर्य त्या व्याख्येत आहे. त्याच कायद्यातल्या २१ प्रकारांत कर्करोगाचं नाव नाही. परळच्या टाटा रुग्णालयापासून तालुक्याच्या डे-केअर केंद्रापर्यंत जी माणसं उपचार संपवून घरी परततात, त्यांच्यासाठी याच धर्तीचा विचार व्हावा, असं मी म्हणतो.

ही तुलना काहींना बोचेल, हे मला ठाऊक आहे. कर्करोगाच्या रुग्णाला कुष्ठरोगाच्या शेजारी बसवणं क्रूर वाटेल. पण त्या बोचण्यामागे कुष्ठरोगाबद्दलची आपली जुनी भीतीच आहे, आणि ती भीती जपण्यासाठी चांगलं ज्ञान वाया घालवणं मला मान्य नाही. वैद्यकीय आक्षेप मात्र नीट ऐकायला हवा. दोन्ही रोगांतली इजा सारखी नाही. कुष्ठरोगात किंवा मधुमेहात तळव्याला जखमा होऊन चिघळतात तशा केमोथेरपीनंतर सहसा होत नाहीत. इथे दुखणं जास्त असतं आणि मोठा धोका पडण्याचा असतो. तेव्हा सगळं जसंच्या तसं उचलायचं नाही. घ्यायची ती पद्धत: प्रत्येक रुग्णाला विचारणं, जाणीव मोजणं, लिहून ठेवणं, आणि माणसाला स्वतःच्या पायांची राखण शिकवणं. मोजायला नायलॉनचा एक धागा पुरतो, तोच जो मधुमेहाच्या दवाखान्यात तळव्याला टेकवून विचारतात, लागलं का? त्याला स्कॅनसारखा खर्च नाही आणि दोन मिनिटांहून जास्त वेळही लागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप कर्करोगतज्ज्ञांचा आहे. हे इतकं बोलत बसलात तर लोक उपचारच नाकारतील, किंवा डॉक्टर घाबरून मात्रा कमी करतील आणि रोग परत येईल. ही काळजी खरी आहे. पण तिच्या उलट बाजूला आणखी एक सत्य आहे. मात्रा कमी होईल या भीतीने रुग्णच लक्षणं लपवतात. मुंग्या येतात का, असं विचारल्यावर ‘थोड्याशा’ म्हणतात, आणि पुढची पूर्ण मात्रा घेऊन घरी जातात. न बोलण्याने उपचार सुरक्षित होत नाही, निर्णय आंधळा होतो. विचारल्याने काय साधतं याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ऑक्झॅलिप्लॅटिन द्यायची रीत होती. तीनच महिने दिलं तर चालेल का, हे सहा चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासलं गेलं आणि २०१८ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण तीन महिन्यांच्या गटात ७४.६ टक्के होतं, सहा महिन्यांच्या गटात ७५.५ टक्के. नसांचा मध्यम किंवा तीव्र त्रास मात्र, औषधांच्या जोडणीनुसार, सहा महिन्यांच्या गटात सुमारे ४५ ते ४८ टक्के आणि तीन महिन्यांच्या गटात १४ ते १७ टक्के. सगळ्यांनाच तीन महिने पुरतात असं त्यातून ठरलं नाही. ज्यांचा रोग कमी धोक्याचा आहे त्यांना, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिनला गोळ्यांची जोड असेल तेव्हा, ते पुरलं. ज्यांचा अधिक पसरलेला आहे त्यांच्यासाठी सहा महिन्यांचं पारडं जड राहिलं. म्हणजे एकाला मात्रा कमी करणं शहाणपणाचं आणि दुसऱ्याला नाही. हे आकडे समोर ठेवून सोनार आणि शिंपी वेगळा निर्णय घेतील, व्यापारी वेगळा. पण निर्णय घ्यायला ते समोर ठेवले तरी पाहिजेत, आणि त्यासाठी समोरचा माणूस हातांनी कोणतं काम करून पोट भरतो हे आधी विचारलं पाहिजे.

‘उपाय नाही तर विचारून काय करायचं’ असंही म्हटलं जातं. उपाय थोडे आहेत, शून्य नाहीत. दुखण्यावर ड्युलॉक्सेटिन या औषधाचा फायदा २०१३ साली २३१ रुग्णांच्या चाचणीत दिसला. बधिरता त्याने जात नाही, आग आणि ठणका काहींचा कमी होतो. ते मुळात नैराश्यावरचं औषध आहे, हे सांगून ठेवलं नाही तर माणूस चिठ्ठी वाचतो, मला वेडा समजतात असं मनाशी म्हणतो आणि गोळी घेत नाही. पॅक्लिटॅक्सेल चालू असताना हातापायांत गोठवलेले हातमोजे-मोजे घालण्याचा प्रयोग जपानात ३६ रुग्णांवर झाला. एका बाजूला घातले, दुसऱ्या बाजूला नाही. हाताच्या स्पर्शाची जाणीव घातलेल्या बाजूला २८ टक्के जणांत घटली, न घातलेल्या बाजूला ८१ टक्के. प्रयोग लहान होता आणि ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला तर गारवाच सोसत नाही, फ्रीजमधली बाटली उचलली की बोटांत काटे भरतात, म्हणून हे सरसकट सांगता येत नाही. नसांसाठी म्हणून हाती पडणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं. शरीरात बी-१२ कमी असेल तर ते भरून काढावं, पण बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसांना इजा करतं. अॅसिटिल-एल-कार्निटिन या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक औषधाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या चाचणीत त्रास कमी होण्याऐवजी वाढला होता. काही तरी द्यायचं म्हणून देणं इथे निरुपद्रवी नाही.

उरलेले उपाय घरात आहेत. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्रभर एक मंद दिवा, बेसिनसमोर एक हात काठावर ठेवून दुसऱ्याने तोंड धुण्याची सवय, बटणांच्या जागी चिकटपट्टी, तोल सांभाळण्याचे रोजचे व्यायाम. आणि चप्पल. पूर्वी कुष्ठरोगाच्या रुग्णांपैकी पुष्कळांनी एमसीआर चपला नाकारल्या, कारण पायाकडे पाहून लोक रोग ओळखत. म्हणून नंतर त्या बाजारातल्या चपलेसारख्या दिसतील अशा बनू लागल्या. कर्करोगातून उठलेल्या बाईला ती शरम नको असेल तर तीही कुणी तिच्यावर लादू नये. तिच्या नेहमीच्या चपलेला मागे पट्टा रस्त्यावरचा कारागीरही शिवून देतो. पट्टा लावलेली चप्पल निसटत नाही. मात्र ती नीट बसली का, आत खडा गेलाय का, पट्टा टाचेला घासतोय का, हे पाय सांगत नाहीत. घरी आल्यावर उंबऱ्याशी बसून चप्पल उलटी करायची, झटकायची, आतून हात फिरवायचा. बोटांनाही कळत नसेल तर उजेडात धरून पाहायचं, आणि मग तळवा.